काय परत येतं, काय परत येत नाही: शॉनबर्ग, स्ट्राव्हिन्स्की, बार्टोक आणि त्यांचे सोबती

प्रश्न असा आहे: "लहानपणापासून हिंदुस्थानी संगीत ऐकत आलो. बाख, मोझार्ट, बीथोव्हनही आवडीने ऐकतो. पण विसाव्या शतकात शिरलो की शॉनबर्ग, स्ट्राव्हिन्स्की, बार्टोक, वेबर्न, मेसियाँ हे सगळे एकाच कर्कश घराण्यातले वाटतात. यांच्यातला फरक ओळखायचा कसा? आणि सुरुवात कुणापासून करू?"

मी व्हायोला वाजवते, व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं आणि खालच्या सुरांचं वाद्य. तंतुवाद्यांच्या चौकडीत (दोन व्हायोलिन, व्हायोला, चेलो) आणि वाद्यवृंदात या सगळ्यांच्या रचना माझ्या हाताखालून गेल्या आहेत, त्यामुळे उत्तर वाजवणाऱ्याच्या जागेवरून देते.

'कोण किती कर्कश' हे माप आधी बाजूला ठेवा. या संगीतकारांची तुलना बहुतेक लोक त्याच मापाने करतात आणि त्यातून हाती काही लागत नाही. स्ट्राव्हिन्स्कीच्या 'राइट ऑफ स्प्रिंग' या बॅलेमधले स्वरसमूह वेबर्नच्या कितीतरी रचनांपेक्षा कानाला जास्त बोचतात. तरी 'राइट' पहिल्याच ऐकण्यात अंगात भिनतं, आणि वेबर्नचं अगदी हलक्या आवाजातलं चार मिनिटांचं संगीत हातातून निसटतं. म्हणजे अडचण कर्कशपणाची नाही, मागोवा ठेवण्याची आहे. त्यासाठी ऐकताना एकच प्रश्न धरून बसा: या रचनेत काय परत येतं, आणि ते कसं परत येतं?

ख्याल ऐकताना तुम्ही हेच करत असता. मुखडा परत येतो, सम परत येते, षड्ज तर सतत सोबत असतो. गायक कितीही दूर गेला तरी आपण कुठे आहोत ते कळतं. मोझार्ट-बीथोव्हनमध्ये ते काम मूळ स्वरकेंद्र करतं. दूर भटकून आलेला विषय पुन्हा त्या केंद्रावर येतो तेव्हा घरी आल्यासारखं वाटतं. वाग्नर, माहलर, द्यब्यूसी यांच्या हातून हे केंद्र हळूहळू सैल झालं. शॉनबर्गच्या दुसऱ्या चौकडीच्या (1908) शेवटच्या भागात बराच वेळ कुठल्याही केंद्राची खूण उरली नाही, आणि तिथे सोप्रानो गाते तीही दुसऱ्या ग्रहावरून येणाऱ्या हवेबद्दल. केंद्र गेल्यावर प्रत्येकाला ठरवावं लागलं की आता ऐकणाऱ्याला धरायला काय द्यायचं. यांच्यातले खरे फरक त्या निर्णयात आहेत.

स्ट्राव्हिन्स्की (1882–1971) सगळं परत आणतो. तेच, जसंच्या तसं, पुन्हा पुन्हा. बदलतो फक्त लांबी आणि जोराची जागा. 29 मे 1913ला पॅरिसमध्ये 'राइट'च्या पहिल्या प्रयोगाला झालेला गोंधळ तुम्ही वाचलाच असेल, त्यात वेळ घालवत नाही. सुरुवातीचं बासून या वायुवाद्याचं उंच स्वरातलं एकल संपून थोडा वेळ गेला की तंतुवाद्यं अचानक एकच जाड स्वरसमूह ठोकायला लागतात. खाली ई मेजर, वर ई फ्लॅटचा सातव्या स्वरासह समूह. शेजारचे दोन समूह एकमेकांवर रचलेले. आम्हाला प्रत्येक ठोक्याला गज खालच्या दिशेनेच ओढायचा असतो: ओढला, उचलला, पुन्हा खाली. त्यामुळे सगळे ठोके सारख्याच वजनाचे पडतात. सुरावट नाही, चलन नाही, समूह बदलतही नाही.

आता हाताने त्रिताल धरा, एका ठोक्याला एक मात्रा. स्ट्राव्हिन्स्कीने हे त्रितालात लिहिलेलं नाही, त्याचं मोजमाप चार-चार ठोक्यांचं आहे. पण पहिले 32 ठोके म्हणजे बरोबर दोन आवर्तनं होतात, म्हणून ही पट्टी तुम्हाला सोयीची. आठ फ्रेंच हॉर्न मधूनमधून जोर देतात तो कुठे पडतो ते बघा. पहिल्या आवर्तनात पहिल्या नऊ मात्रा सपाट. जोर येतो 10व्या आणि 12व्या मात्रेवर. दुसऱ्यात 2, 5, 9 आणि 14 या मात्रांवर. सम दोन्ही वेळा कोरी जाते. एक जोर दुसऱ्या टाळीवर बसतो, एक खालीवर, आणि आता धागा सापडला असं वाटेपर्यंत पुढचा भलतीकडेच पडतो. ठोके मोजले तर गट पडतात 9, 2, 6, 3, 4, 5, 3. तिहाई ऐकून तयार झालेल्या कानाला यात मुक्कामाची चाहूल लागत राहते आणि मुक्काम येत नाही. एवढी ओढ, आणि स्वराच्या बाजूने काहीही घडलेलं नाही. हे दोन-चार वेळा हाताने धरून ऐका. स्ट्राव्हिन्स्की कसा विचार करतो ते यातून जितकं कळतं तितकं कुठल्याही लेखातून कळत नाही.

हीच पद्धत तो पुढे मोठ्या मापावर वापरतो. द्यब्यूसीच्या स्मरणार्थ लिहिलेल्या वायुवाद्यांच्या रचनेत (1920) संगीताचे तुकडे एकमेकांशेजारी ठेवलेले आहेत. एक तुकडा मध्येच तोडून दुसरा येतो, मग पहिला परततो, पण या वेळी आखूड. एकातून दुसरा उगवत नाही. 'पुल्चिनेल्ला' या बॅलेपासून तो जुन्या शैलींकडे वळला आणि पुढे म्हातारपणी शॉनबर्गच्या बारा स्वरांच्या पद्धतीकडे (ती काय ते पुढे सांगते) गेला, म्हणून त्याने तीनदा कात टाकली असं म्हणतात. मला ते वरवरचं वाटतं. 1957च्या 'अगॉन' या बॅलेत बारा स्वरांच्या रांगा आहेत, आणि तरी सुरुवातीचं संगीत शेवटी पुन्हा हजर होतं. 'सिम्फनी ऑफ साम्स'मध्ये (1930) व्हायोलिन आणि व्हायोला दोन्ही नाहीत, म्हणजे मला वाजवायला त्यात काहीच नाही. पण त्याच्या शेवटच्या भागातलं संथ, चक्राकार स्तवन मला त्याच्या सगळ्या कामात सर्वांत प्रिय आहे.

शॉनबर्ग (1874–1951) नेमका उलट. जे एकदा सांगितलं ते तसंच पुन्हा सांगायचं नाही, हा त्याच्यासाठी जवळजवळ नीतीचा प्रश्न होता. हा धडा तो एकोणिसाव्या शतकातल्या ब्राम्सकडून शिकला आणि ते त्याने उघड मान्य केलं. ब्राम्स हा पुढे पाहणारा संगीतकार कसा, यावर त्याने व्याख्यान दिलं, निबंध लिहिला. ब्राम्समध्ये दोन-तीन स्वरांचा एक छोटा आकार घेतला की तो लगेच वाढतो, वळतो, लय बदलतो, त्यातून दुसरा आकार निघतो. शॉनबर्गने हे टोकाला नेलं. 1909चं 'एरवार्टुंग' हे एका बाईचं अर्ध्या तासाचं संगीतनाट्य त्याने 17 दिवसांत लिहिलं, आणि त्यात विषय म्हणून धरता येईल असं जवळजवळ काहीच परत येत नाही. 1912च्या 'पियरो ल्यूनेर'मध्ये एक सुंदर ताण आहे. त्यातल्या 21 कवितांपैकी प्रत्येक तेरा ओळींची आहे आणि तिची पहिली ओळ सातव्या व तेराव्या जागी पुन्हा येते. कविता परत येते. संगीत बहुधा तिच्याबरोबर जसंच्या तसं येत नाही. गाणं आणि बोलणं यांच्या मधल्या त्या आवाजात तीच ओळ तिसऱ्यांदा ऐकताना ती निराळ्या माणसाने म्हटल्यासारखी वाटते.

बारा स्वरांच्या पद्धतीबद्दल लोकांना फार धसका असतो, म्हणून जरा थांबते. सप्तकातले बाराही स्वर एका ठरावीक क्रमाने मांडायचे आणि तीच रांग सरळ, उलट, आरशात पाहिल्यासारखी आणि वेगवेगळ्या स्वरांवरून वापरायची. बस. श्रोत्याने ती मोजावी अशी अपेक्षा नाही. 1921 ते 1923 या काळातला पियानोचा 'सुइट' (नाचांची माळ), ओपस म्हणजे रचना क्रमांक 25, घ्या. त्याची रांग ई स्वरावर सुरू होऊन बी फ्लॅटवर संपते. शॉनबर्गने संपूर्ण सुइटमध्ये रांगेची मूळ रूपं चारच वापरली, आणि प्रत्येकाची एक कड ई आहे, दुसरी बी फ्लॅट. या दोन स्वरांत षड्ज आणि तीव्र मध्यमाचं अंतर आहे. म्हणजे केंद्र घालवलं म्हणणाऱ्या माणसाने कडांना दोन खुंट्या ठोकून ठेवल्या आहेत. रांगेचे शेवटचे चार स्वर उलटे वाचले तर जर्मन स्वरनावांत बाखचं नाव येतं. पण कानाला यातलं काहीही आधी सापडणार नाही. आधी सापडेल तो नाच: गाव्होत, मिनुएट, जिग, हे बाखच्या काळातले नाच. त्यांची पावलं पकडा, स्वरांचं नंतर बघू.

वाजवणाऱ्याच्या बाजूने एक गोष्ट तळमळीने सांगते. शॉनबर्ग आपल्या संहितेत मुख्य आवाजावर एच आणि दुय्यम आवाजावर एन अशा खुणा करतो. चौथ्या चौकडीत (1936) ही मुख्य ओळ व्हायोलिनकडून व्हायोलाकडे, तिथून चेलोकडे सरकत राहते. चौघांनी या खुणा मनापासून पाळल्या, ज्याच्याकडे एच नाही त्याने खरोखर मागे सरून वाट दिली, वाक्यं ब्राम्ससारखी श्वास घेऊन वाजवली, तर हे संगीत गातं. पाळल्या नाहीत तर चार जण एकाच वेळी बोलतात आणि श्रोत्याला वाटतं की रचनाच अशी आहे. शॉनबर्गच्या बदनामीतला मोठा वाटा निष्काळजी वादनाचा आहे, असं माझं ठाम मत आहे. त्याला स्वतःला हे कळलेलं होतं. 1918मध्ये त्याने व्हिएन्नात खासगी मैफलींची संस्था काढली. भरपूर तालमी, टीकाकारांना प्रवेश नाही, टाळ्याही नाहीत आणि निषेधही नाही. आणि तीच रचना पुढच्या मैफलींत पुन्हा. रचनेच्या आत काही परत आणायचं नाही, तर मग श्रोत्यालाच रचनेकडे परत आणायचं, असा मला याचा अर्थ लागतो. म्हणून शॉनबर्ग एकदा ऐकून सोडू नका. बीथोव्हन एकदा ऐकूनही बरंच हाती लागतं, इथे नाही लागणार.

या दोघांचं वैर प्रसिद्ध आहे. स्ट्राव्हिन्स्कीने डिसेंबर 1912मध्ये बर्लिनमध्ये 'पियरो' ऐकलं होतं आणि तो प्रभावित झाला होता. पण 1925मध्ये शॉनबर्गने एका समूहगीतात 'छोटा मॉडर्नस्की' म्हणून त्याची टर उडवली. दोघेही युरोप सोडून लॉस एंजेलिसमध्ये येऊन राहिले, एकाच शहरात, आणि जवळजवळ संबंध न ठेवता राहिले. 1949मध्ये जर्मन तत्त्वज्ञ थिओडोर अडोर्नोने पुस्तकच लिहिलं: शॉनबर्ग म्हणजे पुढे जाणं, स्ट्राव्हिन्स्की म्हणजे मागे फिरणं. हे चित्र इतकं पसरलं की आजही कुणी तुलना करायला बसलं की याच दोन पारड्यांपासून सुरुवात होते. वाजवणाऱ्याला ते पटत नाही. 'राइट'मधल्या जोराच्या जागा सांभाळणं आणि चौथ्या चौकडीतली मुख्य ओळ दुसऱ्याच्या हातात सोपवणं ही दोन वेगळी कष्टाची कामं आहेत. त्यांतलं एक प्रगत आणि दुसरं मागासलेलं असं हाताला कधी जाणवत नाही.

आणि या भांडणात बार्टोक (1881–1945) उगाच मधला, तडजोडीचा माणूस ठरला. माझ्या लेखी तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा तोच. त्याच्याकडे गोष्ट परत येते, पण कधीही तशीच येत नाही. कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. विशीच्या मध्यापासून तो आणि त्याचा संगीतकार मित्र कोदाय फोनोग्राफ घेऊन खेड्यापाड्यांत फिरले, हंगेरियन, स्लोव्हाक, रोमानियन शेतकऱ्यांची गाणी मेणाच्या नळकांड्यांवर उतरवली. पुढे बार्टोक अल्जीरियात बिस्क्रापर्यंत आणि 1936मध्ये तुर्कस्तानातही गेला. एकच गाणं शेजारच्या गावात निराळं निघतं, तीच बाई दुसऱ्या कडव्यात तान बदलते, हे त्याने हजारो वेळा ऐकून स्वतःच्या हाताने लिहून काढलं. त्याच्यासाठी परत येणं म्हणजेच बदलणं होतं.

1936चं 'तंतुवाद्यं, तालवाद्यं आणि सेलेस्टा यांच्यासाठी संगीत' ऐका (सेलेस्टा म्हणजे घंटांसारखा आवाज देणारं पट्ट्यांचं वाद्य). पहिला भाग व्हायोला सुरू करतात, एकट्या, म्यूट म्हणजे आवाज दबवणारा चिमटा लावून, अगदी हळू. ए स्वर षड्ज धरला तर पहिलं वाक्य आहे सा, कोमल रे, शुद्ध ग, कोमल ग, शुद्ध रे. एवढंच. सरकत, चाचपडत जाणारी ओळ. मोजमापही स्थिर नाही, पहिल्या चार मापांत ते 8, 12, 8, 7 असं बदलतं. पहिल्यांदा वाजवताना सर्वांत कठीण गेलं ते हे, की या ओळीला कुठेही टेकू द्यायचा नाही. थोडाही जोर दिला तर पुढचं सगळं कोसळतं. मग दुसरे आवाज तीच ओळ घेतात: एक पंचमावरून, पुढचा खालच्या पंचमाच्या अंतरावरून, पुन्हा वर, पुन्हा खाली. दोन्ही बाजूंनी असे पाचपाच स्वरांच्या उड्या घेत दोन्ही साखळ्या एकाच जागी भेटतात. कुठे? तीव्र मध्यमावर. षड्जापासून सर्वांत दूर जाता येईल तो हा स्वर. तिथे म्यूट निघालेले असतात, झांज थरथरत असते आणि सगळे मिळून पूर्ण ताकदीने ई फ्लॅट धरतात. परतीचा प्रवास उलट्या ओळीने होतो, वर जाणारं खाली आणि खाली जाणारं वर. अगदी शेवटी दोन व्हायोलिन षड्जावरून निघतात, एक वर, एक खाली, दोघंही तीव्र मध्यमापर्यंत जाऊन षड्जावर परत येतात. तुमच्या कानाला या भागात नकाशाची गरज लागणार नाही. आणि चौथ्या भागात हीच आक्रसलेली ओळ अंतरं रुंदावून, मोकळ्या स्वरांत, मोठ्या आवाजात येते. ओळखू आली की अंगावर काटा येतो.

बार्टोकच्या सहा चौकड्या हा याच्या पुढचा टप्पा. चौथीत (1928) पाच भाग आहेत. पहिला पाचव्याशी आणि दुसरा चौथ्याशी जोडलेला, मधोमध रात्रीचं संगीत. दुसरा सगळा म्यूट लावून, चौथा सगळा तार बोटाने छेडून, कधी इतक्या जोराने की तार लाकडावर आपटते.

वेबर्न (1883–1945) आणि बर्ग (1885–1935) हे शॉनबर्गचे शिष्य. वेबर्नच्या 'सहा बागातेल' (चौकडीसाठीच्या छोट्या रचना) मिळून चारेक मिनिटांच्या आहेत. एका मापात मला म्यूट लावून गज ओढायचा, लगेच घोडीजवळ वाजवायचं, लगेच तार छेडायची; प्रत्येक स्वराची वेगळी सूचना. पुढे 'सिम्फनी', ओपस 21 मध्ये (1928) तो आरशासारख्या रचना करतो: अर्ध्यापर्यंत जायचं आणि त्याच वाटेने उलटं यायचं. परत येणं आहे, पण ते इतकं विरळ स्वरांत लपलेलं आहे की आधी त्याच्या शांततेचीच सवय करावी लागते. घाई करू नका.

बर्ग मात्र लगेच ऐका. त्याच्या व्हायोलिन कन्चेर्टोची (एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांची रचना, 1935) रांग अशी बांधली आहे की तिचा पहिला, तिसरा, पाचवा आणि सातवा स्वर म्हणजे व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारा: जी, डी, ए, ई. सुरुवातीला एकल वादक याच तारांवरून गज फिरवतो, जणू वाद्य सुरात आहे ना ते बघतो आहे. रांगेचे शेवटचे चार स्वर बाखने वापरलेल्या 'आता पुरे' या प्रार्थनेच्या पहिल्या चार स्वरांशी जुळतात, आणि अठराव्या वर्षी गेलेल्या मानोन ग्रोपियस या मुलीच्या स्मरणार्थ लिहिलेल्या या रचनेत ती प्रार्थना शेवटी खरोखर येते. बारा स्वरांची पद्धत कोरडी असते असं म्हणणाऱ्याने हे एकदा ऐकावं.

मेसियाँ (1908–1992) पुढच्या पिढीचा, आणि त्याच्याकडे एक धागा थेट आपल्या मातीतून जातो. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात 120 देशी तालांची यादी आहे. ती यादी एका फ्रेंच संगीतकोशातून मेसियाँच्या हाती लागली आणि त्याच्या लयीचा पायाच बदलला. युद्धकैदी असताना त्याने 'काळाच्या अंतासाठी चौकडी' पूर्ण केली. 15 जानेवारी 1941ला ग्योर्लिट्झच्या छावणीत ती वाजली. तिच्या पहिल्या भागात पियानोची लय रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश या तीन तालांची आहे, मिळून 17 कालमूल्यं. त्याच वेळी पियानोचे स्वरसमूह 29च्या फेऱ्यात फिरतात. 17 आणि 29 यांचा मेळ बसायला 493 समूह वाजावे लागतील. भाग त्याच्या कितीतरी आधी संपतो. लय परत येते, समूह परत येतात, पण दोघं एकत्र परत येत नाहीत. इथे ठेका शोधू नका. मेसियाँने ताल वाचले ते लांबी-आखूडपणाच्या माळा म्हणून. टाळी, खाली, समेची ओढ त्याच्या कोशात नव्हती आणि त्याला हवीही नव्हती. त्याला न थांबणारा काळ हवा होता. वर क्लॅरिनेट आणि व्हायोलिन पक्ष्यांसारखे बोलत असतात, त्यांना या फेऱ्यांशी देणंघेणं नाही.

आता सुरुवात. बार्टोकच्या त्या पहिल्या भागापासून करा, तो सात-आठ मिनिटांचाच आहे. लागोपाठ दोनदा ऐका. मग त्रिताल धरून 'राइट'चा तो तुकडा, आणि तो हातात बसला की सबंध 'राइट'. त्यानंतर बर्गचा कन्चेर्टो. त्यातून शॉनबर्गकडे जायची वाट आपोआप उघडते, आणि तिथे ओपस 25 आधी, 'पियरो' नंतर, शक्यतो कवितांचा अनुवाद समोर ठेवून. चौथी चौकडी त्याच्याही नंतर, एकाच आठवड्यात दोन वेगवेगळ्या चौकड्यांकडून ऐका, म्हणजे एच आणि एनची गंमत कळेल. मेसियाँ केव्हाही ऐकता येईल. 'एरवार्टुंग' आणि वेबर्नची 'सिम्फनी' सध्या राहू द्या. बार्टोकच्या सहाही चौकड्या ओळखीच्या झाल्या की त्यांच्याकडे वळा.